पाषाणराजाचे निवेदन

अप्पांनी नोकरीच्या तेहेतीस वर्षांत कोणाचेही काहीही काढून घेतले नव्हते. याचा त्यांना अभिमान होता असे म्हणवत नाही, कारण अभिमान बाळगायला माणसाची स्वतःबद्दल निदान थोडी खात्री लागते, आणि अप्पांना ती कधीच परवडली नव्हती. पण दुसरे काही धड जमले नसले तरी एवढे एक जमले, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत जादूच्या एका मंत्राने मोडली, आणि तीही एकाहत्तराव्या वर्षी, म्हणजे माणसाने नव्याने काही मोडून घेऊ नये अशा वयात.

अप्पांचे काम काय होते ते सांगितल्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही. ते 'सुविधा विसंगती निवारण कक्षा'त होते. एका कारकुनाला हात असलेली खुर्ची मिळाली आणि त्याच दर्जाच्या दुसऱ्याला बिनहातांची, की ती विसंगती. दुसरा अर्ज करी. अर्ज अप्पांच्या टेबलावर येई. एकदा दिलेली सुविधा काढून घेता येत नाही हे त्या कचेरीचे मूळ तत्त्व असल्यामुळे अप्पा दुसऱ्यालाही हातांची खुर्ची देत. मग तिसरा, जो या दोघांना ज्येष्ठ, तो विचारी की माझे वेगळेपण राहिले कुठे. त्याला फिरती खुर्ची. मग पहिले दोघे पुन्हा अर्ज करीत. अप्पा निवृत्त झाले तेव्हा कचेरीत एकूण एक माणूस हातांच्या, फिरत्या, उंच पाठीच्या खुर्चीत बसत होता आणि मधली वाट नाहीशी झाली होती. फायली दारातून हातोहात आत जात. खिडकीकडचे दोन हेडक्लार्क सर्वांच्या आधी येत आणि सर्वांच्या नंतर जात, कारण मध्येच उठायची सोयच नव्हती. पण एकही तक्रार प्रलंबित नव्हती.

आता मंत्राकडे.

अप्पांच्या बाहेरच्या खोलीत आठ माणसांचे जेवणाचे टेबल होते. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्यापासून त्यावर दोन ताटे आणि एक वर्तमानपत्र एवढाच मुक्काम असे. आठ महिन्यांपूर्वी नात आली, टेबलावर हात फिरवून म्हणाली, "आजी, दर रविवारी हे मला तीन ते सात मिळेल का?" माई म्हणाल्या, "तुझंच आहे." त्या दिवसापासून वाढदिवसापुरती येणारी नात दर रविवारी यायला लागली आणि बरोबर तिघांना आणायला लागली.

ते खेळ खेळत. पण पट असा नाहीच. नात टेबलाच्या टोकाला बसून सूत्रधार व्हायची आणि गोष्ट सांगायची. तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून धूर येतोय, काय करता? बाकीचे तिघे एकेक सोंग घेऊन बसलेले असत. ते सांगत, मी असे करतो, मी तसे करतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमले, लहान आला तर फजिती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक सहा फुटी, मितभाषी माणूस योद्धा होता. एक ग्रंथपाल बाई, ज्यांनी जन्मात कोणाचे पुस्तक एक दिवस उशिरा परत केले नव्हते, त्या चोर होत्या आणि मनापासून चोऱ्या करीत. आणि एक दातांचे डॉक्टर जादूगार होते. ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अप्पांच्या खुर्चीत बसत. घरात हात असलेली तेवढी एकच होती.

अप्पा आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसत, दार वीतभर उघडे ठेवून. आपण ऐकतो आहोत हे कोणाला कळू नये म्हणून मधूनमधून पान उलटण्याचा आवाज करीत आणि पुन्हा मागे येत. आठ महिने ते सत्तेचाळिसाव्या पानावर होते. त्या पुस्तकात काय आहे हे त्यांना माहीत नव्हते, पण पाषाणराज नावाच्या दुष्ट राजाने सात गावे दगड केली आहेत, आणि तो पर्वताच्या पोटात चारशे वर्षे बसून आहे, हे त्यांना तोंडपाठ होते.

आणि एका रविवारी लिफ्टवाला म्हणाला, "मी पुढच्या वेळेपासून येत नाही."

त्याने एवढे मोठे वाक्य पूर्वी उच्चारलेले नसल्यामुळे सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"काय झालं?" नातीने विचारले.

"तीन रविवार मी एकच बोलतोय. मी तलवार उपसतो. तलवार बाहेर येईस्तोवर डॉक्टरांनी सगळ्यांना थांबवलेलं असतं आणि राक्षस मारलेला असतो. तलवार मी तशीच परत आत घालतो."

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "माझंही तेच. कुलूप उघडायला वाकले की वाकलेलीच राहते."

प्रकरण असे होते, की डॉक्टरांच्या जादूगाराला 'स्तब्ध' नावाचा मंत्र मिळाला होता. तो म्हटला की सहा आकडे मोजेपर्यंत खोलीतला प्रत्येक जीव जागच्या जागी थिजायचा, मित्र काय नि शत्रू काय; तोंडातून शब्दही निघायचा नाही. हलायचा फक्त जादूगार. डॉक्टर म्हणाले, "नियमात आहे. मी पुस्तकाबाहेर एक अक्षर केलेलं नाही." ते खरेच होते.

"मग बंदच करू या खेळ," नात म्हणाली. ती दमली होती. आठवडाभर कामावर खपून ही मुलगी या तिघांसाठी गुहा खणत होती, राक्षस पोसत होती, आणि डॉक्टर ते सहा आकड्यांत संपवत होते.

स्वयंपाकघराच्या दारातून माईंनी आतल्या खोलीकडे पाहिले. पन्नास वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ अप्पांना शिकवावा लागला नव्हता. रविवार गेला तर नात गेली. अप्पा पुस्तकात बोट ठेवून बाहेर आले, खाकरले आणि म्हणाले, "नियम जरा बघू का मी?"

चौघांनी वर पाहिले. आत कोणी राहते हे डॉक्टरांना बहुधा तेव्हाच कळले असावे.

नियमांचे पुस्तक तीनशे पानांचे होते, त्यातली पावणेदोनशे मंत्रांची. अप्पांनी ते दोन दिवसांत वाचून काढले आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. पोटकलमे होती, अपवाद होते, तळटिपा होत्या. ही उघड उघड विसंगती होती, आणि विसंगतीचे काय करायचे हे अप्पांना झोपेतही सांगता आले असते. डॉक्टरांचा मंत्र काढून घेण्याचा प्रश्नच नव्हता. मिळालेला होता तो. इतरांना द्यायचे होते.

पण अप्पांनी घरात काहीही करायला घेतले की इमारतीला कसे कळते हे एक कोडेच आहे. मंगळवारी जिन्यात वरच्या मजल्यावरचे औषधवाले भेटले. "तुमच्याकडे कसलासा मंत्र जालीम झालाय म्हणे. मात्रा उतरवा. सहाचे तीन करा आणि जेवणानंतर द्या."

"तो जादूगार आहे हो, जेवताना कधी दिसत नाही."

"मग उपाशीपोटी तर मुळीच नको," औषधवाले म्हणाले आणि समाधानाने वर गेले.

बुधवारी इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात छापील अर्ज होता. दर आठवड्याला बाहेरच्या तीन व्यक्ती ठरावीक वेळी जमतात, म्हणजे तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रमाला समितीची मंजुरी लागते. आठ महिन्यांत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, पण अप्पा नियम दुरुस्त करताहेत हे ऐकून सेक्रेटरींनाही आपल्या नियमांची आठवण झाली. अप्पांनी अर्ज भरायला घेतला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यापाशी त्यांचे पेन अडले. बराच विचार करून त्यांनी लिहिले: राक्षसांशी युद्ध (तोंडी).

सेक्रेटरींनी वाचले. "नुकसानीची शक्यता?"

"आपल्या बाजूला नाही."

"मी समितीपुढे ठेवतो," सेक्रेटरी म्हणाले. "आणि एक सांगू? मंत्राचा निर्णय बहुमताने घ्या. हात वर करायला लावा."

"ते थिजलेले असतात," अप्पा म्हणाले. "हात वर होत नाहीत."

रविवारी अप्पांनी दुरुस्ती क्रमांक एक वाचून दाखवली. योद्ध्याला 'अढळ' हा गुण: तलवारीच्या मुठीवर हात असेल तर कोणताही मंत्र त्याला थांबवू शकणार नाही. चोराला 'सावली': थिजली तरी तिची सावली मोकळी राहील आणि सावलीला चोरी करता येईल. ग्रंथपाल बाईंनी टाळी वाजवली. लिफ्टवाल्याने मुठीवर हात ठेवला तो चहालाही काढला नाही, बशी डाव्या हाताने धरली. नात हसली. अप्पा आत जाऊन सत्तेचाळिसाव्या पानावर बसले. त्यांचे कान तापले होते.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी अर्ज केला. अगदी लेखी. सर्वांना सगळे दिल्यावर माझ्या मंत्राचे मोल काय उरले, असा मुद्दा होता, आणि अप्पांना तो बिनतोड वाटला. दुरुस्ती क्रमांक दोन: स्तब्ध सहाऐवजी बारा आकडे टिकेल. मग लिफ्टवाल्याने, ज्याला आता बोलायची सवय लागली होती, विचारले की बारा आकडे मी एकटा योद्धा किती वार करणार. दुरुस्ती क्रमांक तीन: योद्ध्याला दोन तलवारी. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तलवारी दोन तर सावल्या का एक? दुरुस्ती क्रमांक चार: सावल्या तीन, पैकी एकीला उडता येईल.

"अहो," माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "खुर्च्या आठवताहेत का?"

"हे वेगळं आहे."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणायचात."

पाचव्या रविवारी पाषाणराज यायचा होता. आठ महिने सगळे त्याच्यासाठीच चालले होते. नातीने त्याचे भाषण लिहून आणले होते, चांगली दोन पाने, तो दगड का झाला, सात गावांवर त्याचा राग कशासाठी. तीन वाजता तिने आवाज घोगरा केला आणि म्हणाली, "पर्वताच्या पोटात सिंहासनावरून तो उठतो. म्हणतो, आलात तर तुम्ही..."

"स्तब्ध," डॉक्टर म्हणाले.

"माझी उडती सावली त्याचं काळीज चोरते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि फासा टाकला. एकोणीस.

"दोन तलवारी," लिफ्टवाला म्हणाला. चौदा आणि सतरा.

नातीने पुस्तकात पाहिले, कागदावर पाहिले, पुन्हा पुस्तकात पाहिले. "मेला," ती म्हणाली.

तीन वाजून अकरा मिनिटे झाली होती.

अप्पा दाराआड उभेच राहिले. चूक त्यांना तेवढ्यात दिसली. त्यांनी प्रत्येकाचे बळ वाढवले होते, पाषाणराजाचे सोडून. त्याचा अर्ज आलेला नव्हता. कक्षात तेहेतीस वर्षे तोच रिवाज होता, ज्याचा अर्ज नाही त्याची विसंगती नाही.

जिंकल्यावर माणसे एवढी कानकोंडी झालेली अप्पांनी पाहिली नव्हती. चहा झाला. साडेतीनला सगळे उठले. नातीने दोन पानांची घडी घातली, आणखी एक घातली, आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. "आजी, जाते."

"पुढच्या रविवारी?" माईंनी विचारले.

"बघू."

अप्पा कचेरीतले होते. फायलीवर 'बघू' असा शेरा पडला की ती फाईल कोणत्या कपाटात जाते आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे नसते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? त्या दिवशी सात वाजेपर्यंत दोघे त्या आठ माणसांच्या टेबलाशी बसून होते. माईंनी फाशांच्या खाली पसरलेला जाड कपडा झटकला, घडी केली, आणि घडी हातात घेऊन ती कुठे ठेवावी या विचारात उभ्या राहिल्या. "एक वेळ तुमचं कचेरीतलं ठीक होतं," त्या म्हणाल्या. "तिथे माणसांना बसायचंच होतं."

अप्पांनी तीन दिवस स्वतःशी वाद घातला. मंत्र कमी करायला हवा होता, पण डॉक्टरांनी आपण होऊन सोडला तरच. नाहीतर ते काढून घेणे झाले. डॉक्टरांशी बोलायला हवे. फोनवर अप्पांना बोलता येत नसे, समोरचा दिसत नसला की त्यांना आपण चुकीच्या माणसाशी बोलतोय असे वाटे. म्हणून बुधवारी दुपारी ते दवाखान्यात गेले.

टेबलाशी बसलेल्या बाईंनी विचारले, "काय त्रास आहे?"

बाकावर पाच माणसे गाल धरून बसली होती. त्यांच्यादेखत 'जादूगाराचा मंत्र फार जबर झाला आहे' असे म्हणायचे धैर्य अप्पांना होईना. "मागे," ते पुटपुटले. "मागच्या बाजूला." बाईंनी कागदावर 'मागची दाढ' लिहिले.

पाऊण तासाने ते लांब खुर्चीत आडवे होते. तोंडावर दिवा, गळ्याखाली निळा कागद. "अरे, अप्पा," डॉक्टर म्हणाले, "बोलला नाहीत कधी. आ करा." आणि आरसा, हुक, पाण्याची नळी असे सगळे आत घातले.

अप्पांनी सांगायचा प्रयत्न केला. त्यातून आवाज निघाला, अर्थ निघेना.

"तुम्ही त्या मंत्रावर नाराज आहात, माहीत आहे मला," डॉक्टर काम करता करता बोलत होते. "पण माझंही ऐका. दिवसभर मी बोलतो आणि समोरचा आ करून पडलेला असतो. उलटून कोणी बोलत नाही. वीस वर्षं. तो स्तब्ध मंत्र मिळाला ना, मला तो वाचायचीही गरज पडली नाही. म्हटलं, हे तर मला येतं." त्यांनी हुक बदलला. "त्या दिवशी पाषाणराज मेल्यावर मात्र मजा नाही आली. का, ते कळलं नाही."

का ते अप्पांना कळले होते. दिवा डोळ्यांवर, बोटे तोंडात, डोक्यावर माणसे हलताहेत, आपल्याविषयीच बोलताहेत, आणि आपल्याला हो नाही काही म्हणता येत नाही. न हलण्याचे फारसे काही नव्हते. अप्पा जन्मभर फारसे हलले नव्हते. बोलता येत नव्हते, ते लागत होते. लिफ्टवाल्याला तीन रविवार काय झाले असेल ते त्यांना आत्ता, आडवे पडून, समजले.

"ही मागची दाढ," डॉक्टर म्हणाले, "वाकडी वाढलीय आणि आडदांड आहे. शेजारच्या दोन चांगल्या दाढांना दाबतेय. काढावी लागेल. काढू ना?"

"आ," अप्पा म्हणाले. डॉक्टरांनी तो होकार धरला.

सुई टोचल्यावर तोंड बधिर व्हायला वेळ होता. नळी बाहेर होती, तेवढ्यात अप्पांनी विचारून घेतले. "डॉक्टर, ही न काढता... बाकीच्या वाढवता येत नाहीत का?"

डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली केला आणि अप्पांकडे नीट पाहिले, थट्टा आहे की काय म्हणून. "बाकीच्या वाढवल्या," ते म्हणाले, "तर तोंड मिटायचं नाही, अप्पा."

तेहेतीस वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते.

दाढ निघाली. कापसाचा बोळा दाबून धरायला मिळाला, तासभर बोलायचे नाही अशी ताकीद मिळाली. अप्पांनी खिशातले पेन काढले, औषधाची चिठ्ठी उलटी केली आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागले. असा आदेश त्यांनी पूर्वी काढलेला नव्हता.

'दुरुस्ती क्रमांक एक ते चार पूर्वलक्षी प्रभावाने रद्द. स्तब्ध मंत्र राहील. मात्र स्तब्ध झालेल्यांना बोलता येईल. त्यांच्यापैकी कोणीही बोलत असेतोवर मंत्राचा अंमल चालू राहील, आणि जादूगाराने हलू नये. ऐकावे.'

डॉक्टरांनी वाचले. चष्मा वर करून पुन्हा वाचले. "हे माझं काढून घेणं झालं."

अप्पांनी मान डोलावली.

"तुम्ही तर कोणाचं काही काढत नाही, असं तुमची नात म्हणते."

अप्पांनी बाजूच्या स्टीलच्या बशीकडे बोट केले. त्यात त्यांची दाढ होती.

डॉक्टर बशीकडे बघत राहिले. मग चिठ्ठी घडी करून पांढऱ्या कोटाच्या खिशात घातली. "बघतो," ते म्हणाले. अप्पांचा जीव पुन्हा कपाटात गेला. औषधाचे नाव त्या चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला होते, हे त्यांना घरी आल्यावर, गाल टम्म फुगल्यावर आठवले.

माईंनी नातीला फोन केला. "तुझ्या खेळापायी आजोबा दात देऊन आलेत. रविवारी ये, निदान बघायला तरी ये."

रविवारी माईंनी तो जाड कपडा पुन्हा अंथरला. तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. सेक्रेटरी होते. "अभिनंदन," ते म्हणाले. "समितीने मंजुरी दिली. राक्षसांशी युद्ध, तोंडी, वर्षभरासाठी. सही करा." अप्पांनी रिकाम्या टेबलावर कागद ठेवून सही केली. सेक्रेटरींनी टेबल पाहिले, अप्पांचा गाल पाहिला, आणि काही न बोलता गेले. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हते, त्यामुळे अप्पांना जास्तच वाईट वाटले.

साडेतीनला जिन्यात पावले वाजली. लिफ्टवाला पुढे होता. तो या इमारतीत कधी लिफ्टने येत नसे, का ते विचारू नका म्हणे. मागे ग्रंथपाल बाई, मागे डॉक्टर, आणि सर्वांत मागे नात, धापा टाकत. "डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा केलं," ती म्हणाली. "तुम्ही केलेला नियम वाचून दाखवला, लिफ्टवाल्याच्या दुकानात उभं राहून. बघू गाल."

"पण पाषाणराज मेला ना?" माईंनी विचारले.

"पूर्वलक्षी प्रभाव," ग्रंथपाल बाई गंभीरपणे म्हणाल्या. "ज्या दुरुस्त्यांनी तो मेला त्याच रद्द झाल्या. मरण अवैध आहे."

नातीने पिशवीच्या तळातून घडी काढली, उलगडली, आणि क्षणभर थांबून अप्पांपुढे धरली. "अप्पा, मला फासे सांभाळायचेत. पाषाणराज तुम्ही व्हा. नुसतं वाचायचं."

अप्पा म्हणाले, गाल सुजलाय. ती म्हणाली, तो दगडाचाच आहे. अप्पा म्हणाले, मला चारचौघांत जमत नाही. तेवढ्यात डॉक्टर हातांच्या खुर्चीतून उठले आणि भिंतीकडच्या स्टुलावर जाऊन बसले. आता खुर्ची रिकामी ठेवणे बरे दिसेना. अप्पा बसले.

"स्तब्ध," डॉक्टर म्हणाले. सगळे थिजले. आणि अप्पांनी वाचायला सुरुवात केली, आधी कागदाला ऐकू जाईल इतपत, मग टेबलाला.

"आलात तर तुम्ही. मला दगड केलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. सात गावांतून एक माणूसही माझी बाजू ऐकायला वर आला नाही. चारशे वर्षं मी बसून आहे."

खोलीत कोणी हलत नव्हते. डॉक्टरांचा मंत्र टाकणारा हात अर्धवट वर होता आणि नियमाप्रमाणे ते ऐकत होते. नात ओठांनी शब्द जुळवत होती. दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळी जवळ आल्या आणि अप्पांच्या लक्षात आले, की आपण गप्प झालो की मंत्राचा अंमल संपणार, लढाई होणार, पाषाणराज रीतसर मरणार, आणि आठ महिन्यांची गोष्ट संपणार. आज. पाचच्या आत. पण बोलत असेतोवर जादूगाराने हलू नये. नियमात हे एवढे भगदाड होते. कक्षात असते तर अप्पांनी ते लगेच बुजवले असते.

त्यांनी कागद खाली ठेवला.

"तसेच," अप्पा म्हणाले.

नातीने वर पाहिले. हे तिने लिहिलेले नव्हते.

"तसेच निवेदन करण्यात येते की, सिंहासनाला हात नाहीत. चारशे वर्षं अर्जदाराच्या कोपरांना आधार नाही. पर्वताच्या छतातून पाणी गळतं, ते नेमकं मुकुटावर. याबाबत सात गावांनी काय कारवाई केली, ते कळावं."

"गळती कुठून आहे?" लिफ्टवाल्याने विचारले. तो थिजलेला होता, पण बोलता येत होते. "वरून की बाजूने? बाजूने असेल तर मुकुटावर नाही पडायचं, तुम्ही सिंहासन सरकवा."

"दगड आहे तो, सरकवणार कसं?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "आणि गावांच्या दप्तरात नोंद असेल ना याची. मला आत जाऊ द्या, मी शोधते. चोरणार नाही, परत आणून देईन."

"मी हात खाली घेऊ का?" डॉक्टरांनी विचारले.

"हलू नये," नात म्हणाली. "ऐकावे." तिच्या आवाजात हसू होते, पण ते तिने सूत्रधाराला शोभेल इतके आवरले.

गळतीवरून प्रकरण सात गावांच्या सीमेवर गेले, सीमेवरून पाषाणराजाच्या धाकट्या भावावर, जो आठ महिन्यांत कोणाला ठाऊक नव्हता आणि जो अप्पांना आयत्या वेळी सुचला. लिफ्टवाल्याने त्याच्या वतीने दोनदा रागावून उत्तर दिले. माईंनी तीनदा चहा दिला. डॉक्टरांना त्यांनी चमच्याने पाजला, कारण हात वर होता. सात वाजले तेव्हा भावाचे लग्न कोणाशी ठरले होते, इथपर्यंत मुद्दा आला होता.

"वाजले सात," नात म्हणाली.

"पण तो बोलतोय अजून," लिफ्टवाला म्हणाला.

डॉक्टर स्टुलावरून खांदा चोळत उठले. "दमलो," ते म्हणाले. "इतकं मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं." दाराशी चपला घालताना त्यांनी मागे वळून विचारले, "त्या भावाचं पुढे काय झालं, अप्पा? नाही, नको. रविवारी सांगा."

सोमवारी अप्पा टेबलाशी कागद घेऊन बसले. बोलून बोलून गाल पुन्हा सुजला होता, आणि आपण काल जरा जास्तच बोललो की काय ही शंका सकाळपासून पोखरत होती. तरी पाषाणराजाच्या निवेदनातले उरलेले मुद्दे त्यांनी क्रमवार काढले. माईंनी चष्मा लावून शेवटचा आकडा पाहिला. एकशे चार.

"रविवारी एकच घ्या," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं पुरतील."